निमोण्याहून दौंडला, उघडझाप दिव्यांसह

पुण्याहून दौंडला पॅसेंजरनं जायला दोन-सव्वादोन तास लागतात. मला तीन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ मी एका उघड्या बॉनेटसमोर उभा राहून, काही कळत नसताना कळल्यासारखी मान हलवण्यात घालवला. शिरूर आणि दौंड तालुक्यांत जायचं ज्यांना काही कारण नाही, आणि पुण्यातल्या बहुतेकांना ते नसतंच, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तिकडे पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर मला एकच गोष्ट सांगता येईल, आणि तीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

मी टपाल खात्यात आहे. ज्या पत्रांवर धड पत्ता नसतो आणि पाठवणाऱ्याचं नावही नसतं, ती आमच्या टेबलावर येतात. ती उघडायची आणि कुणाची असतील याचा माग काढायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिच्यावर खूण शोधतो. मोटारीतलं मात्र मला एवढंच कळतं की चावी फिरवली की ती चालू होते. चालवता येते, तीही दाजींनी शिकवली म्हणून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुंबईत एका जहाज कंपनीच्या साहेबाकडे ते ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून गेले तेव्हा आपली जुनी जपानी गाडी दाजींना देऊन गेले. लाल, बसकी, दोन दारांची. तिचे पुढचे दिवे बॉनेटच्या आत लपलेले असत. बटण ओढलं की दोन झाकणं वर उठायची आणि दिवे बाहेर यायचे, दाबलं की पुन्हा आत जायचे. नव्वदच्या आसपास दाजी ती घेऊन निमोण्याला कायमचे राहायला आले, तेव्हा गावानं तिचं नाव बेडकी ठेवलं. पुढे दाजींना अर्धांगवायू झाला. दीड वर्ष ते ओट्यावरच्या खाटेवर पडून होते आणि मग गेले. त्याला दोन वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. एक दिवस ऑफिसात अक्काचा फोन आला. "गाडी दौंडला द्यायची ठरलीय," ती म्हणाली. "पर त्याच्या आधी तू ये. आन् रजा टाकून ये."

गुरुवार, निमोणे

शिरूरपर्यंत एसटी आणि पुढे वडाप जीप, या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फाट्यावर उतरलो तर एक ओळखीचा म्हातारा "जय भीम पाव्हणं" म्हणाला, आणि लगेच आवाज उतरवून म्हणाला, "गाडीसाठी आलाव व्हय?" म्हणजे गावाला माझ्या कामाची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

अक्काचं घर गावाबाहेर, शेतातच आहे. समोर कांद्याचे वाफे, पलीकडे विहीर आणि विहिरीला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी उभी होती, तोंड घराकडे करून. अक्कानं बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि लसणाची चटणी वाढली. पुण्यात आम्ही भाकरी हौसेनं करतो आणि तिच्याबद्दल बोलत बसतो. इथं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, खातात. मी तिसरी भाकरी मोडली तेव्हा अक्कानं विषय काढला.

"मधू, तू मला वेडी म्हणशील. ती झाकणं आपसूक उघडत्यात. चावी माझ्याकडं हाय, शेडात कुणी न्हाई. तरी उघडत्यात आन् दिवं लागत्यात. रातच्याला. ते गेल्यापासनं."

"गावात काय म्हणतात?"

"काय म्हणायचं? दाजी गाडी सोडंनात, म्हंत्यात."

"आणि तू?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याकडे पाहत ती बोलली. "ह्या घरात अंगारा, भूतखेत कवा शिरलं न्हाई. त्यांनी शिरू दिलं न्हाई, म्याबी न्हाई. बचत गटातल्या बायांना मीच सांगती, असलं काय नसतंय. आन् आता मीच रातच्याला उठून खिडकीपाशी जाती. दिवं लागल्यालं दिसलं की म्हंती, झोपा आता."

माझी बहीण सत्तावन्न वर्षांची. आयुष्यभर कुणाच्या बापाला न भ्यालेली बाई. ती हे सांगताना लाजत होती, आणि भीतीपेक्षा ती लाज मला जास्त लागली.

"कारण काढ," ती म्हणाली. "गाडी शाळेला द्यायची हाय, शनिवारी चारपत्तोर. पर कारण कळल्याबिगर मी देणार न्हाई. आन् ठेवून घेतली तर माझं डोकं ठिकाणावर राहायचं न्हाई."

शाळा म्हणजे दौंडचं एक तांत्रिक विद्यालय. मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकण्यासाठी जुनी गाडी हवी होती, आणि अक्काच्या जावयानं, विलासनं, शब्द टाकला होता. विलास दौंडला रेल्वेत आहे.

सहाच्या सुमाराला आम्ही दोघं ओट्यावर चहा पीत बसलो होतो. अंधार अजून पडायचा होता. एकाएकी शेडमध्ये काहीतरी घरघरलं. गाडीचं उजवं झाकण वर उठलं. दिवा लागला. मग क्षणभरानं डावं झाकण, अडखळत, अर्ध्यावर थांबून, पुन्हा उठलं. दोन्ही दिवे आमच्याकडे बघत राहिले. खरं सांगतो, माझ्या हातातला चहा पायजम्यावर सांडला.

"बग," अक्का म्हणाली.

पुण्याचा भाऊ म्हणून मला उठावंच लागलं. शेडमध्ये गेलो. बॅटरी उतरू नये म्हणून दाजींनी तिला चार्जर जोडून ठेवला होता, आणि चार्जरची वायर भिंतीवरच्या, विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरमधून घेतली होती. स्टार्टरच्या पेटीवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. खोडीप्रमाणे मी तो पाहून ठेवला. मग चार्जरची पिन उपसली. दिवे विझले, झाकणं खाली गेली.

"सापडलं," मी ओरडलो. "चार्जर बिघडलाय."

अक्का दारात उभी राहून म्हणाली, "चार्जर तर ते असल्यापासनं हाय. काढायचं मन झालं न्हाई म्हणून तसाच ठेवला. तवा कुठं रातची उघडत होती? दिसा कवाकवा उघडी दिसायची, तर ते म्हणायचे, जपानी गाडी हाय, ऊन लागलं की उघडती."

"असं नसतं अक्का."

"ते मला आत्ता कळतंय. तवा खरं वाटलं व्हतं."

शुक्रवार, शिरूर

सकाळी चार्जर न लावता गाडी बाहेर काढली. बॅटरी चांगली होती, इंजिन दुसऱ्या फटक्यात लागलं. अक्का नवी साडी नेसून शेजारी बसली. झाकणं बंद. शेडच्या बाहेर आलो तरी बंद. माझी छाती फुगली. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मी जरा वेग दिला, आणि बॉनेटवर घरघर झाली. उजवं झाकण उठलं, मागून डावं. भर उन्हात दिवे लावून आम्ही चाललो होतो.

मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी थांबली, इंजिन सावकाश फुरफुरत राहिलं, आणि थोड्या वेळानं झाकणं खाली बसली. पुन्हा निघालो. वेग आला की उघडायची, थांबलो की मिटायची. बटणाला मी हातही लावला नव्हता. चार्जर तर घरी होता, तो निर्दोष सुटला. मग दोषी कोण?

"ऊन तर हाय," अक्का म्हणाली. ती थट्टा करत होती की नाही, ते मला कळलं नाही.

शिरूरला स्टँडच्या मागे इस्माईलभाईंचं गॅरेज आहे. मोटारींच्या वायरिंगमधला तालुक्यातला पहिला माणूस, असं दोन जणांनी सांगितलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चहा मागवला आणि टेस्ट लॅम्प घेऊन बसले. बटण ओढलं, झाकणं वर. दाबलं, खाली. दहा वेळा केलं, दहा वेळा बरोबर. दवाखान्यात पाऊल ठेवताच ताप उतरावा तसं झालं.

"चालताना होतं हो," मी म्हणालो.

"मामू, चलते वक्त मैं बॉनेटमधे कसा बसणार?" ते म्हणाले. तरी त्यांनी बंपरामागची वायर खरवडली, गंजलेला नट बदलला, नवीन अर्थिंग दिलं. तोवर आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळीबरोबर ताक विचारतात; इथं रस्सा किती वेळा वाढू एवढंच विचारतात. अक्कानं तीनदा घेतला. परत आलो तेव्हा इस्माईलभाई हात पुसत होते. "अर्थ लूज होता. आता कंप्लेंट येणार नाही."

कंप्लेंट निमोण्याच्या वाटेवर तिसऱ्या किलोमीटरला आली. आम्ही परत गेलो. गॅरेजच्या दारात थांबताच झाकणं मिटली. इस्माईलभाई बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घरात कुणी गेलंय का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो. अक्का गाडीत बसून आमच्याकडेच बघत होती.

वाटेत मी तिला हसवायचा प्रयत्न केला. ती दाजींबद्दल बोलायला लागली. तिकडे घरातली लाईट वेगळी आणि विहिरीवरच्या मोटरची लाईन वेगळी. मोटरच्या लाईनला वेळापत्रक नाही. कधी येईल आणि कधी जाईल, सांगता येत नाही. घरातला बल्ब लागला म्हणून मोटर चालेलच असं नाही. "दिसातनं आठ-धा खेपा व्हायच्या विहिरीवर," अक्का म्हणाली. "लाईट आली का बघायला. पर शेवटच्या वर्षाला खेपा वाचल्या. ते खाटंवरनंच सांगायचे, जा, लाईट आली. मी जायची तर खरंच आलेली असायची. एकदाबी चुकलं न्हाई."

"त्यांना कसं कळायचं?"

"म्हणायचे, मला करंटचा वास येतो." ती खिडकीबाहेर बघू लागली. "ते गेल्यावर शेत वाट्यानं दिलं. मोटरशी माझा संबंध राहिला न्हाई."

आता हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. सगळं उत्तर तिच्या त्या बोलण्यात होतं, आणि मी पुढच्या खड्ड्याकडे बघत होतो.

शनिवार, भीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

सकाळी आठला निघालो. कारण सापडलं नव्हतं, पण चारपर्यंत गाडी शाळेला द्यायची होती. दौंडच्या वाटेवर कुणीतरी भेटेल, नाहीतर तिथून गाडी परत आणू, असं ठरलं. न्हावऱ्याला भाजीबाजार भरला होता. गर्दीत गाडी थांबत-चालत होती, त्यामुळे झाकणंही उघडत-मिटत होती. डाव्याचं ते अडखळणं चालूच होतं.

एक कोथिंबीरवाली ओरडली, "अगं बया, ही गाडी डोळा मारती."

दुसरी अक्काला म्हणाली, "आज्जी, म्हाताऱ्या माणसानं असल्या गाडीत बसू नये. लोक नावं ठेवत्यात."

अक्का हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिनं त्या बाईकडून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पुढे भीमेच्या पुलापर्यंत ती मांडीवर धरून बसली. पुलाखाली पाणी बऱ्यापैकी होतं. पलीकडे ऊसच ऊस, आणि केडगावच्या अलीकडे गुऱ्हाळं लागली. रस्त्यावर तापलेल्या रसाचा वास इतका दाट होता की आम्ही काचा खाली केल्या. अक्का म्हणाली, आमच्याकडं बाजरी, ह्यांच्याकडं ऊस, मधी एक नदी. एवढंच म्हणाली, पण बरोबर म्हणाली.

चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो. दौंडला जायचं तर तिथून डावीकडे वळायचं. पण चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं की ट्रकांच्या वायरिंगचा खरा कारागीर उजवीकडे यवतला बसतो. दोन दिवसांत मी इतक्या जणांचा सल्ला ऐकला होता की आणखी एकाचा ऐकायला काहीच वाटलं नाही. उजवीकडे वळलो.

यवत

कारागीर गोरखपूरकडचा निघाला. ढाब्याच्या बाजूला त्याची लाकडी टपरी होती. तो जेवायला बसला होता, म्हणून आम्हीही ढाब्यावर पिठलं-भाकरी मागवून बसलो. ढाब्याच्या मालकानं गाडी पाहिली, तिच्या उघडझापीची हकीकत ऐकली आणि मायेनं एक लिंबू-मिरची आणून बंपरला बांधली. मला वाटलं आता अक्का चिडणार. ती उठली, दोरा सोडला, लिंबू कापायला सांगितलं, कांद्यावर पिळलं आणि मिरच्या भाकरीबरोबर खाऊन टाकल्या.

"चांगल्या हायती," ती मालकाला म्हणाली. "वाया कशाला घालवायच्या?"

मालकानं पिठल्याचे पैसे घेतले नाहीत.

गोरखपूरवाला हात धुऊन आला. त्यानं पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो बाकी कुणी विचारला नव्हता. "गाड़ी में बाद में किसी ने कुछ लगाया है क्या?" आम्ही दोघांनी नकारार्थी मान हलवली. त्यानं मला इंजिन चालू करून पाय दाबायला लावलं. झाकणं उठली. पाय काढायला लावला. बसली. मग तो बॅटरीशेजारी आडवा झाला, हात घालून चाचपडत राहिला आणि गोधडीच्या एका चिंधीखालून काहीतरी ओढून काढलं. काळी टेप गुंडाळलेली, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेली एक डबी. तिच्यातून चार वायरी निघाल्या होत्या.

"ये कंपनी का माल नहीं है," तो म्हणाला. "काट दूँ?"

"थांबा," मी म्हणालो. डबी तशीच वायरींसकट हातात घेऊन उलटी केली. खाली पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता.

मला तो कुठे पाहिला ते लगेच आठवेना. मग आठवलं. "अक्का, तुझ्या स्टार्टरवर असाच ठिपका आहे. कुणाचा?"

अक्कानं डबी बघितली. ट्यूबच्या गाठीवरून बोट फिरवलं. "दत्तूचा. मोटरी भरायचा आमच्याकडं. त्याच्या हातची वस्तू दुसऱ्यानं आपली म्हणू नये म्हणून ठिपका लावतो. पर दत्तू मोटारगाडीला कशाला हात लावील? तो विहिरीवरच्या मोटरी करतो."

"आता कुठे असतो?"

"ते गेल्यावर म्हैन्याभरात दुकान हलवलं त्यानं. चौफुल्याला."

म्हणजे चहा पिऊन आम्ही उजवीकडे वळलो, तेव्हा त्याच्या दुकानावरूनच गेलो असणार. गोरखपूरवाला हसायला लागला.

चौफुला

दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारच्या मोटरी रिवायंडिंग करून मिळतील' असं लिहिलं होतं आणि आत तांब्याच्या तारेत गुडघ्यापर्यंत बुडालेला, चाळिशीचा एक माणूस बसला होता. गाडी बघितली तसा तो उठून उभा राहिला. "बेडकी," तो म्हणाला. मग अक्का दिसली. "अक्का, तुम्ही?"

मी बॉनेट उघडून डबी दाखवली. "ही तुझी?"

"व्हय. म्याच बसवली." त्यानं अक्काकडे बघितलं. "अक्कांना ठावं न्हाई अजून? मला वाटलं दाजींनी जाताना सांगितलं आसंल."

अक्का स्टुलावर बसली. दत्तू बोलायला लागला. मी ते त्याच्या शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही.

"अक्का, तवा तुम्ही लाईट बघायला सारख्या खेपा घालायच्या. दाजी खाटंवर. एक दिस मला म्हणाले, दत्तू, शेतातल्या मोटरीला तू ऑटो लावतोस न्हवं? लाईट आली की मोटर आपसूक चालू. मग माझ्या गाडीला लाव. म्हणलं, गाडीला कशाला? म्हणाले, मला खाटंवरनं विहीर दिसत न्हाई, पर गाडीचं तोंड दिसतंय. लाईन आली की चार्जर चालू व्हतो. तवा झाकणं उघडली पायजेत, म्हंजी मला कळंल, मी तिला सांगीन. तिच्या खेपा वाचतील."

"बल्ब लावायचा की एक," मी म्हणालो. "गाडी कशाला?"

"म्याबी तेच म्हणलं. म्हणाले, बल्ब लावला तर तिलाच दिसंल. मग मला कोण विचारणार? पडून ऱ्हायल्या माणसाला घरात काय तरी काम पायजे, दत्तू. तिला सांगू नको." त्यानं उघड्या बॉनेटकडे बोट केलं. "आन् रस्त्यानं उघडत असतील तर तेबी बरोबर हाय. ह्या डबीला काय कळतंय, चार्जर हाय का इंजिन? जोरात करंट आला की उघडायचं, कमी झाला की मिटायचं, येवढंच तिला ठावं. इंजिन जोरात फिरलं की तेच व्हतंय."

"रात्री का उघडायची?"

"दाजी हुतं तवा लाईन दिसा यायची. आता मोटरची लाईन संध्याकाळनंतर सोडत्यात."

आता सगळं कळलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात गोंधळ तसाच होता. अक्काकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मग बोलली ती रागानं.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं मी रातची उठून खिडकीत उभी ऱ्हायली. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? म्हणं करंटचा वास येतो." तिचा आवाज चिरकला. "आन् मी येडी, जगाला सांगत सुटली, आमच्या ह्यांना वास येतो म्हणून."

दत्तूनं पाण्याचा तांब्या पुढे केला. ती पाणी प्यायली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती रडली होती, पण तिचा चेहरा गुरुवारपासून मी बघत होतो तसा राहिला नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखी जी छटा त्यावर होती, ती गेली होती.

"काढ ती डबी," ती दत्तूला म्हणाली. "गाडी शाळंला द्यायची हाय. पर कापू नको. सोडव."

दत्तूनं अर्धा तास लावून एकेक वायर सोडवली. जाता जाता डाव्या झाकणाच्या मोटरला ग्रीस घातलं, त्यामुळे ते आता उजव्याबरोबर उठू लागलं. मला ते आवडलं नाही, पण सांगणार कुणाला.

दौंड

पाटसवरून दौंडला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वाटेत झाकणं एकदाही उघडली नाहीत. मी दोनदा वेग वाढवून पाहिला. बॉनेट सपाट राहिलं, आणि रस्ता उगाच लांब वाटला.

विद्यालयाच्या पटांगणात विलास, माझी भाची रंजना आणि वर्गाचे मास्तर उभे होते. वीसेक विद्यार्थीही जमले होते. मास्तरांनी बटण ओढलं. दोन्ही झाकणं एकदम, बरोबरीनं वर आली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाबलं, खाली गेली. कंपनीनं केली तशी गाडी होती ती आता.

मास्तर अदबीनं अक्काला म्हणाले, "ताई, गाडीबद्दल पोरांना काही सांगायचंय?"

अक्का पिशवी पोटाशी धरून उभी होती. पिशवीत ती डबी होती. "सांगायचं काय," ती म्हणाली. "माझ्या मालकांनी जपलीय. हात धुऊन लावा." मग चावी दिली. बॉनेटवर एकदा हात ठेवला, आणि रंजनाला विचारलं, "घरी चहा हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी दौंडहूनच पुण्याची पॅसेंजर धरली. ऑफिसात कुणी विचारलं नाही कुठे गेला होतास, आणि मीही सांगितलं नाही. कारण सांगायला गेलो तर लोक आधी गाडीचं नाव विचारतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा निमोण्याला गेलो. शेड रिकामी होती, तिथं कांदा पसरला होता. वाट्यानं दिलेलं शेत अक्कानं परत स्वतःकडे घेतलं होतं, आणि मोटरची लाईन पुन्हा दिवसा येऊ लागली होती. दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो, दाजींची खाट असायची त्याच जागेवर. ती शेंगा फोडत होती, मी खात होतो. ओट्याच्या आढ्याला नवीन होल्डर दिसला, त्यात एक छोटा बल्ब, आणि बल्बच्या वर तारेनं बांधलेली काळ्या टेपची डबी. ठिपका खालच्या बाजूला होता, बसल्या जागेवरून दिसावा असा.

बल्ब लागला. दिवसाउजेडी त्याचा उजेड काही फार नव्हता, पण लागला. अक्कानं वर बघितलं नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं, चपला पायात घातल्या.

"लाईट आली," ती म्हणाली. "मोटर चालू करून येती."

बल्ब माझ्या डोळ्यांसमोर होता. तरी मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"वास येतो करंटचा," अक्का म्हणाली, आणि विहिरीकडे निघाली.